लिफ्टच्या चित्रात राहिलेली घंटा

नऊ मजल्यांच्या त्या इमारतीत आप्पांना सगळी पोरं 'वरखाली आजोबा' म्हणत. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी इमारतीची लिफ्ट त्यांच्याच हाती होती. नुसता आवाज ऐकून कुठे तेल कमी पडलंय ते सांगायचे. बाहेरच्या माणसाला त्यांनी लिफ्टला हात म्हणून लावू दिला नाही.

पण खरी कमाल पुढेच आहे. गच्चीवरच्या मोटरखोलीत दुपारचा डबा खाऊन झाला, की आप्पा तपासणीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढत. दहाबारा कागद झाले की दोऱ्याने शिवायचे, वर पुठ्ठा लावायचा, झालं पुस्तक! आणि पुस्तकात काय, तर हीच इमारत. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं लोक म्हणतात ना? आप्पांच्या पुस्तकात चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई शिवणयंत्र काखोटीला मारून निघायच्या आणि ते ठिगळ लावूनच परत यायच्या. लिफ्ट तळमजल्याच्या खाली समुद्रात उतरायची आणि देवमासा आत डोकं घालून म्हणायचा, "जरा सरकता का? मला तिसऱ्यावर जायचंय."

चित्र मात्र पट्टी लावून, मोजूनमापून. दाराची मूठ, बटणं, पंख्याची जाळी, एक खिळा इकडचा तिकडे नाही. सून चिडवायची, "आप्पा, उडत्या लिफ्टचे स्क्रू कशाला मोजता?"

"अगं, उडवायची असली तरी आधी लिफ्ट खरी हवी. नाहीतर पोरं बसतील कशात?"

या पुस्तकांची पहिली वाचक म्हणजे त्यांची सात वर्षांची नात. टिचभर पोर, म्हणून टिचकी. जीभ मात्र हातभर लांब.

तर ही टिचकी एका दुपारी लिफ्टमध्ये अडकली. एकटी, सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधोमध, चांगली चाळीस मिनिटं. सहाव्यावरच्या बाईंना रडणं ऐकू आलं तेव्हा कळलं. आप्पा जिने चढत मोटरखोलीत पोचले, हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली आणि पोरीला बाहेर काढलं. सगळ्या इमारतीने त्यांची पाठ थोपटली. "आप्पा होते म्हणून!" जो तो हेच म्हणत होता, आणि आप्पा मान खाली घालून उभे होते. लोकांना वाटलं, काय विनयशील माणूस!

त्या दिवसापासून टिचकीने लिफ्टचं नाव टाकलं. शाळेला जाताना नऊ मजले जिन्याने खाली, येताना नऊ मजले वर. आईचे पाय भरून यायचे, पोर धापा टाकायची. संध्याकाळी खाली अंगणात मैत्रिणी हाका मारायच्या आणि ही गॅलरीत गजांना नाक लावून बसायची. पुन्हा कोण उतरणार नि चढणार? महिना गेला. हसणारं पोर गप्प झालं.

मग आप्पांनी आपलं हत्यार काढलं. आठ दिवस खपून नवं पुस्तक केलं. लिफ्ट सहा आणि सात यांच्या मध्ये थांबते, दार उघडतं, तर तिथे साडेसहावा मजला! तिथे ढगांची घसरगुंडी, आणि इमारतीतल्या हरवलेल्या सगळ्या चपला झाडाला लटकलेल्या. आप्पांनी आजवर केलेलं ते सगळ्यात देखणं पुस्तक होतं, यात वादच नाही.

टिचकीने पानं उलटली. चपलांच्या झाडाला हसलीसुद्धा. मग लिफ्टच्या आतल्या चित्रावर बोट ठेवून बटणं मोजू लागली.

"आजोबा, यात घंटेचं बटण कुठंय?"

खिळा न् खिळा मोजणारा माणूस, आणि बटणांच्या खालचं पिवळं बटणच काढायला विसरला होता.

"मी त्या दिवशी दाबली होती," टिचकी म्हणाली. "खूप वेळ दाबली. कुणीच आलं नाही."

सून कणीक मळत होती. आप्पांना वेळ मारून नेता आली असती. 'राहिलं गं, म्हातारा झालो' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण आप्पा खाली बसले, पोरीच्या समोर.

"ती वाजली नाही, कारण मी तिची वायर काढून ठेवली होती. सुट्टीत पोरं उगाच वाजवायची, लोक माझ्या नावाने ओरडायचे. म्हटलं, दोन दिवस बंद ठेवू. दोन दिवसांचे दोन महिने झाले. तू अडकलीस त्याच संध्याकाळी जोडली आणि कुणाला बोललो नाही. चूक माझी, बाळा. लिफ्टची नाही."

सुनेचा हात परातीतच थांबला. टिचकी उठली आणि आत जाऊन बसली. दोन दिवस आजोबांशी अवाक्षर बोलली नाही. आप्पांनी तेही निमूट सोसलं. शिवाय स्वतःच्या अक्षरात कागद लिहून लिफ्टमध्ये चिकटवला: 'घंटा मी बंद केली होती. आता चालू आहे. कुणी कितीही वाजवा, मी येईन.' ज्या लोकांनी पाठ थोपटली होती त्यांच्यासमोर हे लिहायला छाती लागते हो!

तिसऱ्या दिवशी टिचकीने पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर आपटलं. लिफ्टच्या चित्रात तिने पिवळ्या खडूने घंटा काढली होती. ताटाएवढी! मापाचा पार बोऱ्या वाजलेला. आप्पांनी ती तशीच राहू दिली.

"तुम्ही मोटरखोलीत जा," ती म्हणाली. "मी वाजवली की यायचं."

नवव्या मजल्यावर, दार उघडं ठेवून, तिने घंटा वाजवली. आप्पा गच्चीवरून धडपडत उतरले. "आलो गं!"

"बघत होते नुसती. परत जा."

पाच वेळा आप्पांना वर पाठवलं, पाच वेळा खाली आणलं. मग तिने आतून दार लावलं आणि लिफ्ट खाली निघाली. आठव्यावर घंटा वाजली, आप्पा जिन्याने आठव्यावर हजर. सातव्यावर वाजली, तिथेही हजर. गुडघे बोंबलत होते, पण माणूस थांबला नाही.

सातव्यावर दार लागलं. आता तीच जागा. आप्पा जिन्याचा कठडा धरून सहाव्याकडे धावले आणि कान देऊन उभे राहिले. लिफ्ट समोरून खाली गेली. घंटा वाजली नाही. पाचव्यावर नाही, चौथ्यावर नाही.

घाबरून त्यांनी जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात टिचकी मैत्रिणीच्या हातातून उडीची दोरी ओढून घेत होती, आणि तावातावाने भांडत होती.

आप्पा तिथेच पायरीवर बसले आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत राहिले.