मासळीखालची बाटली

चीनमधल्या पोयांग सरोवराच्या बांधाखालच्या गावात माओगनच्या पायांना मान होता. सरोवर फुगलं की घरटी एक माणूस गस्तीला जायचा. हातात बांबू घेऊन सगळे एका रांगेत बांधाच्या उतारावरून चालायचे. बाकीचे डोळ्यांनी बघायचे, माओगन अनवाणी पायांनी. गवतात साचलेलं पावसाचं पाणी कोमट असतं आणि बांधाच्या पोटातून झिरपलेलं गार. तळपायाला गार लागलं की तो जागच्या जागी थांबून हाक मारायचा आणि लोक मातीची पोती घेऊन धावायचे. गावातली निम्मी घरं आपल्या तळपायांवर उभी आहेत, असं तो दोन घोट तांदळाची दारू पोटात गेल्यावर सांगायचा, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

त्या पायांनी त्याची झोप मात्र खाल्ली. गस्त सुटून सात वर्षं झाली तरी डोळा लागला की तळव्यांना गार लागायचं आणि तो दचकून उठून बसायचा. बायको लियानच्याओ कूस बदलत म्हणायची, "म्हाताऱ्या, सरोवर पलंगाखाली नाहीये. झोप."

दोन वर्षांपूर्वी वसंत सणाला त्यांची मुलगी वानछिंग दूरच्या शहरातून आली ती लाल कागदात गुंडाळलेली अल्ब्युमिनची बाटली घेऊन. दुसऱ्यांची पोरं ताकदीसाठी जिनसेंगची मुळी आणायची, फार तर सूप करायची पक्ष्यांची घरटी. ही तर माणसाच्या रक्तातून काढलेलं सत्त्व घेऊन आली होती, पेंढ्याच्या रंगाचं. अशक्त म्हाताऱ्यांना याच्यापरतं औषध नाही, असं सारा गाव मानायचा. डॉक्टरांना विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. शेजारीपाजारी बाटली बघून गेले. माओगननं ती वेळप्रसंगासाठी ठेवली. जितकं गार तितकं टिकाऊ, म्हणून फ्रीजरमध्ये, मासळीच्या तुकड्यांखाली. झोपायच्या आधी तो मासळी बाजूला सारून एकदा बघायचा. आणि नवल असं की तेव्हापासून त्याला झोप लागू लागली.

प्रसंग आला तो या उन्हाळ्याअखेरीस. लियानच्याओच्या बरगडीखाली दुखत होतं. तिखट बाधलं म्हणून तिनं दोन दिवस नुसती पेज घेतली. तिसऱ्या दिवशी ती कमळकाकड्या धुता धुता ओट्याशीच कोसळली. पित्ताशयात पू झाला होता आणि त्याचं विष रक्तात उतरलं होतं. शहरातल्या रुग्णालयात तिला अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली, आणि माओगनच्या वाट्याला दाराबाहेरचा बाक आला. भेट रोज दुपारी तीन ते साडेतीन.

पहिल्या भेटीत त्यानं तिला ओळखलंच नाही. चेहरा, हात, सगळं सुजलेलं. पायाला हात लावला, बोट रुतलं तिथं खळगा तसाच राहिला. आणि पाय गार होते. अशा गार जागी तो हाक मारायचा. इथं हाक कुणाला मारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो गावी गेला आणि बाटली कापसाच्या जाकिटात, बर्फाच्या पिशवीत बांधून दुपारपर्यंत परत आला. दोन तास ती त्यानं मांडीवर तान्ह्या पोरासारखी धरली होती.

"डॉक्टरबाई, ही चढवा. आमची घरची आहे."

लुओ डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची. तिनं बाटली उजेडात धरली. वितळलेलं पाणी गढूळ दिसत होतं, आत चिंध्यांसारखे तुकडे तरंगत होते.

"आजोबा, ही फ्रीजरमध्ये ठेवली होतीत का?"

"दोन वर्षं. एक दिवस बाहेर नाही काढली."

"गोठली की ही खराब होते. आणि घरून आणलेली आम्ही कुणालाच चढवत नाही." त्याचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "आमच्याकडे आहे. आज द्यायचं मी ठरवलंच होतं. आजींना फार सलाइन गेलंय. ते शिरांमध्ये थांबत नाही, अंगात पाझरतंय. अल्ब्युमिन पाणी शिरेत थोडं धरून ठेवतं."

"म्हणजे बांधावरची चिकणमाती."

"थोडीशी. पण सगळा बांध तिच्यावर उभा नाही हं. पू काढलाय, अँटिबायोटिक चालू आहे, खरं काम त्यांचं. याचा उपयोग होईलच, असं मी छातीठोक सांगणार नाही."

ती आत गेली. माओगन बाकावर बसून राहिला. निम्मी घरं म्हणे तळपायांवर उभी! स्वतःच्या घरातली गळती दोन दिवस कळली नाही, आणि एक बाटली जपायची तर तीही नासवली. स्वतःची त्याला इतकी लाज वाटली की शेजारी बसलेल्या बाईनं दिलेला वाफवलेला पाव त्यानं नुसता हातात धरून ठेवला.

मग दिवसांचे कंगोरे झिजले. भर दुपारी त्या बाकावर त्याचा डोळा मिटायचा आणि व्हरांड्याचं सरोवर व्हायचं. फरशीवर पाणी चढायचं, दारांचे पांढरे पडदे बगळ्यांसारखे उतरायचे. लियानच्याओ पलीकडे कंबरभर पाण्यात उभी राहून कमळाचे देठ खुडत असायची. "अगं, वर ये," तो ओरडायचा. ती हसून म्हणायची, "तूच बघ की पायांनी, कुठं गार लागतंय ते." तो चालायचा. सगळीकडेच गार. आभाळातून पेंढ्याच्या रंगाचा एकेक थेंब पडायचा, अगदी सावकाश, आणि थेंब पडला तिथं पाणी क्षणभर स्थिर व्हायचं. जाग आली की दाराच्या काचेतून आत टांगलेली छोटी बाटली दिसायची, तशीच थेंब थेंब गळत. स्वप्न कुठं संपलं ते त्याला कळत नसे. कळून घ्यायची घाईही नव्हती. स्वप्नात ती निदान बोलायची तरी.

पाचव्या दिवशी सूज ओसरू लागली. कशानं, ते त्यानं विचारलं नाही आणि डॉक्टरनंही सांगितलं नाही. नवव्या दिवशी नळी निघाली.

तीन वाजता तो आत गेला तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पडली होती. जाकिटाच्या खिशात ती गढूळ बाटली अजून होती. फेकवली नव्हती. ती काढून त्यानं पांघरुणावर ठेवली.

"तुला एक सांगायचंय. ही मी नासवली. गोठवायची नसते म्हणे. तुझ्यासाठी ठेवलेली, आणि मीच..."

लियानच्याओनं बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नळीनं तिचा घसा खरवडून निघाला होता. शब्द नुसत्या श्वासावर आले. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"वानछिंगनं जाताना बजावलं होतं. गोठवू नका म्हणून. मी काढायला गेले तर दगड झालेला."

"दोन वर्षं तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस? चांगली फेकून दिली असती!"

"बोलणारच होते." ती दम घ्यायला थांबली. "पण त्या रात्री तू घोरत होतास, म्हाताऱ्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, राहू दे तिथंच मासळीखाली. लागू पडलीय."

माओगन स्टूल ओढून पायथ्याशी बसला, पांघरुणाखाली हात घातला आणि तिचे तळवे मुठीत धरले. कोमट होते. पावसाच्या पाण्यासारखे, साधे कोमट. त्यानं डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा. मग त्याचं डोकं हळूहळू खाली गेलं आणि पलंगाच्या कडेवर टेकलं.

साडेतीन वाजता परिचारिका त्याला बाहेर काढायला आली. लियानच्याओनं सुया टोचलेला हात कसाबसा उचलला.

"थांब ना गं पोरी," ती श्वासावरच म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."