मेणबत्त्यांची भोकं

वडशाहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर ॲल्युमिनियमचा मोठा डबा. खड्डा आला की स्वतः आदळायची, पण डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरायची.

"काय आहे हो त्यात?" मी विचारलं.

तिनं झाकण काढलं. आत केक होता, त्यावर गुलाबी आयसिंगची फुलं. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रेती तापवून ती केक भाजायची आणि बटर पेपरच्या पुंगळीनं फुलं काढायची, हौस म्हणून. मेणबत्त्यांची भोकं दिसत होती, पण सुरी कुठंच लागलेली नव्हती.

"कापला का नाही?"

"मैत्रिणीच्या पोरीचा वाढदिवस होता, ताई. मेणबत्त्या फुकल्या, फोटो काढला. मंग तिच्या सासूनं इचारलं, केक कोनं बनवला. आमी बौद्ध हावो हे समजलं तशी सुरी ठेवून देल्ली. बिस्किटं वाटली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेणबत्त्या फुंकायला केक चालतो आणि तोंडात घालायला चालत नाही, हे कुठलं शास्त्र?

"आणि मैत्रीण? ती काहीच बोलली नाही?"

"बोलली ना. 'फुलं मोडतीन, सांभाळून नेजो' म्हणे." तिनं झाकण घट्ट लावलं. "फोटो तं ठेवतीनच ते. फोटोले कुठी विटाळ होते?"

तो फोटो त्या घरात अजून असेल. पाहुण्यांना दाखवत असतील, आणि केक किती सुंदर होता हे कौतुक निमूटपणे ऐकून घेत असतील.