दुपट्ट्याखालचा रिपोर्ट

आष्टीच्या गुरांच्या बाजारात तानबा दलालाइतकं गुळगुळीत खोटं बोलणारा दुसरा माणूस नव्हता. मारका बैल त्याच्या तोंडून 'जरा लाडाचा' व्हायचा. असा हा तानबा गेल्या बाजारी एकाएकी खरं बोलायला लागला. "हा लाथ मारते, नेऊ नोको," असं त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं. गिऱ्हाईक दचकून निघून गेलं आणि बैलाचा मालक चप्पल घेऊन तानबाच्या मागे लागला.

कारण होती त्याची बायको सुलोचनाबाई. चार वर्षांपूर्वी तिच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता काखेत पुन्हा गाठ हाताला लागली होती, तिचा तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्ट यायचा होता. तो येईपर्यंत नावावर एकही पाप नको, असं तानबाने ठरवलं होतं. सुलोचनाबाई मात्र तुरीच्या शेंगा सोलत बसायची.

"तुमी खरं बोलून राह्यले ना, त्याचंच मले भेव वाटते," ती म्हणायची.

रिपोर्टच्या दिवशी दोघं वर्ध्याच्या दवाखान्यात आले. काय असेल ते आधी आपल्याला कळावं, मग तिला हळूहळू सांगू, असा तानबाचा बेत होता. बाजारात भाव चारचौघांना कळू नये म्हणून दलाल हातावर दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं दाबून सौदा करतात. सुलोचनाबाई वजन करायला नर्सकडे गेली, तेवढ्यात तानबाने तरुण डॉक्टरला गाठलं.

"सायेब, तिच्यासमोर बोलू नोका. ह्या दुपट्ट्याखाली हात द्या. बरं असन तं एक बोट दाबा, वापस आलं असन तं पाची."

डॉक्टर काही म्हणायच्या आत ती येऊन बसली. डॉक्टरने कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडून वाचला. तानबाने टेबलावर दुपट्टा पसरून खाली हात सरकवला. डॉक्टरनेही बिचकत हात घातला आणि एक बोट दाबलं. तानबाचा जीव भांड्यात पडला. तोच बाकीच्या बोटांवरही दाब आला. त्याला दरदरून घाम फुटला.

"सायेब, एकावरच सौदा पक्का करा," तो काकुळतीने म्हणाला. "इतकं नोका चढवू."

सुलोचनाबाईने दुपट्टा ओढून काढला. खाली दोन पुरुष हातात हात घालून बसले होते.

"गाठ माही अन् सौदा तुमचा?" ती नवऱ्याला म्हणाली. मग डॉक्टरकडे वळली. "मले तोंडानं सांगा, सायेब. काय असन ते."

"साधी गाठ आहे, काकू. कॅन्सर परत आलेला नाही."

"मंग पाच काऊन दाबले?" तानबा ओरडला.

"धीर द्यायला हात धरला हो."

तानबा दुपट्ट्यात तोंड खुपसून ढसाढसा रडला. सुलोचनाबाई हसत उठली. पण दारापर्यंत जाताच ती थांबली; इतके दिवस तीही आतून फार घाबरलेली होती. तिने तानबाचा हात घट्ट धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने असा हात कधी धरला नव्हता.

"सोड वं, लोक पाहून राह्यले," तानबा कुजबुजला आणि हातावर दुपट्टा टाकायला गेला.

"राहू द्या उघडा," ती म्हणाली.