पऱ्हाटीची ऊब

वहिनीचा फोन आला तेव्हा मी प्रतापनगरच्या घरात चहा गाळत होते. "तुझा दादा उठून नाही राहिला वं," एवढंच ती म्हणाली... भिवापूरला पोचेपर्यंत मी मनाला बजावत होते, झोपला असेल, दमला असेल. भ्यालेला माणूस स्वतःशी काय वाटेल ते बोलतो.

दादाच्या शेतापर्यंत विजेची तार कधी आलीच नाही. म्हणून त्यानं कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांवर चालणारी भट्टी बसवली. काड्या अर्धवट जळाल्या की गॅस निघायचा, त्यावर इंजिन चालायचं, इंजिनावर वीज. इंजिनाचं गरम पाणी नळ्यांतून पॉलिहाऊसमधल्या मिरचीच्या रोपांखाली फिरायचं. त्या रोपांना वहिनी सवत म्हणायची. मी जन्माची भित्री, म्हणून दादा मला मुद्दाम भट्टीपाशी न्यायचा. "धुराले काहून भेतं वं? धूर दिसते. हा गॅस ना दिसत, ना वास येत. भ्यायचं असंन तर याले भे." वारा खेळावा म्हणून भट्टीच्या शेडला त्यानं दारच ठेवलं नव्हतं.

आणि तरी... कडाक्याच्या थंडीत पिवळी पडलेली रोपं त्यानं ट्रेसकट शेडमध्ये, भट्टीच्या उबेला आणली, आणि त्यांना वारा लागू नये म्हणून दाराच्या जागी ताडपत्री बांधली. गॅस आत कोंडला. रोपं तगली. मला दादाचा राग येतो, अजून येतो. घरात गॅसचा गीझर लागला की मी बाथरूमबाहेरून मुलीला हाका मारत बसते. घरचे हसतात, हसू देत.

परवा गेले तर वहिनी भट्टी पेटवायला निघालेली. मी तिचा पदरच धरला. "नको जाऊ वं वहिनी, मरू दे ती रोपं!"

"रोपंबी मेले तं ते कायच्यासाठी गेले वं?" म्हणत तिनं पदर सोडवला.

ताडपत्री तिनं केव्हाच जाळून टाकली होती. मी उघड्या दारात उभी राहिले. आत काड्या मोडल्याचा आवाज येत होता. एकाएकी तो थांबला. "वहिनी!" मी किंचाळत आत धावले. ती हातात काड्या धरून तशीच उभी होती.

"इथून ते मले हाक मारत," ती म्हणाली. "मी बाहेरून ओ द्यायची. त्या दिवशी ताडपत्रीपायी ऐकू नाही आली, का मारलीच नाही... देव जाणे."

मी परत दारात जाऊन उभी राहिले आणि हाकेची वाट न बघता, आत वहिनीला ऐकू जाईल अशी मोठ्यानं ओ दिली.