हरतालिकेची रात

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवघरातल्या देवांना ठाऊक असणारच — पण त्यांनाही मी होऊन सांगितलेली नाही. त्यांच्यासमोर बसले की नेहमीची स्तोत्रं भराभर म्हणते आणि उठते. न जाणो, मध्ये थांबले आणि त्यांनी विचारलं तर?

तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार आहे हो. नवीन पनवेलला स्टेशनबाहेर उतरून कुठल्याही रिक्षावाल्याला म्हणा, पत्रिकावाल्या काकूंकडे जायचंय. तो तुम्हाला आमच्या जिन्यापाशी आणून सोडेल. बारशाचं अक्षर, लग्नाचं गुणमेलन, नव्या फ्लॅटची वास्तुशांत, नोकरी कधी लागेल, सून कधी नीट वागेल — सगळं माझ्याकडे येतं. शेवटच्याचं उत्तर पत्रिकेत नसतं, पण मी देते.

मी ही विद्या सासऱ्यांकडून शिकले, पुढे रीतसर परीक्षा दिल्या, आणि नोकरी सुटल्यावर घरीच वर्ग सुरू केला. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. कुणी चुकीची मांडलेली पत्रिका घेऊन आलं, की मांडणाऱ्याची मी अशी खरडपट्टी काढायचे की समोरच्याला वाटावं, आपणच गुन्हा केला. माझं सगळ्यात आवडतं शस्त्र कोणतं, सांगू? रात्री बारानंतरचा जन्म. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. माणसं म्हणतात “सोमवारी रात्री दोनला झाला”, आणि तारखेप्रमाणे तो असतो मंगळवार. तिथे भले भले घसरतात. मी वर्गात बजावायचे — बारानंतरचं बाळ दोन दिवसांच्या मध्ये झोपलेलं असतं, उचलताना जपून उचला. मुली हसायच्या, वहीत लिहून घ्यायच्या.

आणि मी स्वतः? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दहा-बारा वर्षं झाली. आमच्या वरच्या मजल्यावर सुनंदा राहते, मूळची पुण्याची, माझी जवळची मैत्रीण. तिचा मुलगा निखिल बेलापूरला एका ऑफिसात होता. तिथेच राजश्री नावाची मुलगी होती, विचुंब्याची, आगरी घरातली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. सुनंदा चार दिवस धुसफुसली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, जातीचं मला काही नाही गं, पण पत्रिका जुळली पाहिजे. एवढी एकच अट. निखिल हो म्हणाला, राजश्री हो म्हणाली. त्या दोघांचं पुढचं सगळं माझ्या टेबलावर आलं — कॉम्प्युटरच्या शेजारी, चहाच्या कपाजवळ.

राजश्रीची आई हिराबाई स्वतः आली माहिती द्यायला. पोरगी घरीच झालेली, सुईणीच्या हातानं. शाळेत गुरुजींनी एक जून लावून टाकलेली, तेव्हा दाखल्यावरच्या तारखेचा उपयोग नव्हता. पण हिराबाईला पक्कं आठवत होतं. “हरतालिकेची रात, बाय. सासऱ्याच्या घड्यालात तीन वाजले व्हते.” वर हेही सांगितलं, की गावच्या भटजींनी बारशाला रा अक्षर काढून दिलं होतं, म्हणून राजश्री.

मी जुनं पंचांग उघडलं, त्या वर्षीची हरतालिका काढली, ती तारीख घातली आणि वेळ घातली पहाटे तीन. बस्स. एवढंच केलं मी. तुमच्या लक्षात आलं ना? हरतालिकेच्या रात्रीचे तीन म्हणजे तारखेनं दुसरा दिवस. मी आदल्याच पहाटेची पत्रिका मांडली, तेव्हा हरतालिका उजाडायचीही होती. वर्षानुवर्षं जे शिकवत आले, तेच विसरले. घाई नव्हती, डोकं दुखत नव्हतं. नुसती खात्री होती, स्वतःबद्दलची.

चंद्र दिवसाला साधारण एक नक्षत्र चालतो. मला हस्त नक्षत्र मिळालं, आद्य नाडी. निखिलचं शततारका, त्याचीही आद्य. दोघांची नाडी एक आली की लग्न करू नये म्हणतात. संततीला वाईट, जिवाला वाईट. ते रा अक्षर मला अडवायला हवं होतं — हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. रा त्यात नाहीच. पण ण वरून मुलीचं नाव काय ठेवणार, ठ वरून काय? हस्ताच्या मुलांची नावं भटजी मनानंच ठेवतात, हे मी शंभरदा पाहिलेलं. मी हसले आणि सुनंदाला म्हणाले, गावच्या भटजींनी अक्षर काढलं की काय वाट्टेल ते निघतं.

तिच्या दिवाणखान्यात मी निकाल सांगितला. तिनं दिराला, जावेलाही बोलावलं होतं. मी म्हणाले, एक नाडी आहे, माझी मुलगी असती तर मी दिली नसती. सुनंदानं माझा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि त्याच्याखाली सुटल्यासारखंही काहीतरी होतं. ते मला दिसलं होतं. माणसं वाचणं हाच तर माझा धंदा.

इथवरची चूक मी सांगू शकले असते. चूक कुणाची होत नाही? पण मी सांगते आहे ती गोष्ट इथे संपत नाही. बघा, अजून मी घुटमळतेच आहे.

काही दिवसांनी हिराबाई परत आली. या वेळी सोबत राजश्री होती, ऑफिसच्या कपड्यांत, खांद्याची पर्स मांडीवर घेऊन बसलेली. गव्हाळ, बारीक अंगाची, शांत मुलगी. हिराबाई म्हणाली, “बाय, परत येकदा बघा ना. पोरीचा जीव हाय त्याच्यावर.” आणि मग, मला पटावं म्हणून, तिनं ती रात्र पहिल्यापासून सांगितली. अंगणात बायका हरतालिका जागवत होत्या. हिराबाई पोट धरून झिम्मा बघत बसली होती. कळा सुरू झाल्या. “तीनला ही झाली. आन् सकाली गनपती यायचा! पाट मांडलेला, मखर बांधलेला. सोयर आला ना. त्या वर्षाला आमच्याकडं गनपती नाय बसला.”

सकाळी गणपती यायचा होता. म्हणजे पाटावर गणपती बसायचा, त्याच पहाटे ही जन्मली. चतुर्थीच्या तारखेला.

मी चेहरा सरळ ठेवला — तेवढं येतं मला. कॉम्प्युटर चालूच होता. स्क्रीन माझ्याकडे, त्यांच्याकडे त्याची पाठ. मी तारखेतला एक आकडा बदलला. चित्रा नक्षत्र. तिसरा चरण, अक्षर रा. तूळ रास, नाडी मध्य. गणसुद्धा दोघांचा एक. गावच्या भटजींनी बरोबर काढलं होतं. लग्नाला कसलीही आडकाठी नव्हती.

हिराबाई स्क्रीनच्या पाठीकडे बघत होती. राजश्री माझ्या तोंडाकडे.

मी म्हणाले, “तेच येतंय.”

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

का म्हणाले? मला सुनंदाचा दिवाणखाना दिसला, दीर-जाऊ दिसले, आणि “माझ्याकडून चुकलं” म्हणणारी मी दिसले. त्या भटजींना मी हसले होते, ते आठवलं. वर्गातल्या मुली आठवल्या. समोर बसलेली मुलगी मात्र मला त्या क्षणी दिसली नाही, ती फूटभरावर असून. तोंडघशी पडायची भीती एवढी मोठी असते? माझी होती.

हिराबाईनं पदर डोळ्याला लावला, मग माझ्या पाया पडली. “बरा झाला, आधी कलला. पोर वाचली माजी.” राजश्रीनं पर्स खांद्याला लावली, आईच्या हाताला धरून तिला उठवलं आणि जाताना माझं दार हलकेच ओढून घेतलं.

नंतरही वेळ होता. एक जिना चढायचा होता फक्त. कुकर लावताना मी ठरवायचे, आज जाते. मग वाटायचं, दोघांचं खरं असेल तर ते ऐकणार नाहीत, लग्न करतीलच. म्हणजे माझं पाप त्यांच्या हिमतीवर ढकलून मी वाट बघत बसले. त्यांनी ऐकलं. निखिलला राजश्रीच्या जिवाची भीती घातली गेली होती, आणि राजश्रीला त्याच्या जिवाची. वर्षभरात निखिलचं दुसरीकडे जमलं. मुहूर्त मीच काढून दिला. पंगतीत बसून जिलबीही खाल्ली.

आणि राजश्री? हिराबाईनं माझ्या हातची पत्रिका प्लास्टिकच्या कव्हरात घालून जपली. पुढे जी जी स्थळं आली त्यांना तीच दाखवली — हस्त नक्षत्र, कन्या रास. कुठे नाडी आडवी आली, कुठे गण. जुळवत होते ते सगळे एका भलत्याच मुलीशी, जी कधी जन्मलीच नव्हती. एकदा जाऊन तो कागद फाडावा असं मला वाटलं का? वाटलं. गेले का? विचुंबे इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

तिचं लग्न झालं नाही. त्यामुळे आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. ती तशी मुळीच दिसत नाही. चांगल्या हुद्द्यावर आहे, गाडी चालवते, भावाच्या मुलांचे लाड करते. पण हे तिनं निवडलेलं नव्हतं. ते मी निवडलं, तिच्यासमोर बसून.

त्यांच्याकडून दर गणपतीत मला पातोळ्या येतात, हळदीच्या पानातल्या, अजून कोमट असलेल्या. हिराबाई पाठवते — पोर वाचवली म्हणून. मी खाते. नाही खाल्ल्या तर घरात विचारतील, का खात नाहीस?

या वर्षी डबा घेऊन राजश्री स्वतः आली. हिराबाईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. ती बसली, इकडचं-तिकडचं बोलली. भावाला नुकतीच मुलगी झाली, तिचं अक्षर बघायला तिनं फोनवर काहीतरी घेतलं होतं. मग हसत म्हणाली, “काकू, गंमत म्हणून माझीपण टाकून बघितली. आई म्हणते ना, गणपतीच्या पहाटे झाले. ती तारीख टाकली तर चित्रा दाखवतंय.”

आणि फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीन या वेळी माझ्या बाजूला होती आणि तिच्याही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर तिनं स्वतः टोपली उचलून धरली होती. मी चष्मा पुसला. पुन्हा घातला. मग म्हणाले, “फोनवरच्या पत्रिकांचं काही खरं नसतं गं.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, त्या दिवशी बघत होती तशीच. मग म्हणाली, “हो ना.” फोन पर्समध्ये ठेवला. “डबा राहू दे काकू, नंतर नेईन.” दार पुन्हा तसंच हलकेच ओढून घेतलं. तिला कळलंय का? मला माहीत नाही. कळलं असेल तर तिनं मला वाचवलं, आणि मी ते घेतलंही.

काल ती डबा न्यायला आली. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, म्हणून मी त्यात साखर घातली आणि दारात उभ्यानंच तिच्या हातात दिला. ती थँक्यू म्हणाली. जिना उतरून तिची चाहूल बंद होईपर्यंत मी दाराची कडी धरून उभी होते.

राजश्रीचं नक्षत्र चित्रा आहे. तिसरा चरण, तूळ रास, नाडी मध्य. पत्रिका जुळत होती.