डावी ठेवू की उजवी?

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. नांदेडच्या आमच्या ऑफिसात दर शनिवारी ते टॅबमधून आपोआप उतरतात! काम आमचं घरोघरी आरोग्याचा सर्व्हे. लातूरकडच्या खेड्यांत रेंज नाही, म्हणून प्रत्येकाच्या टॅबमध्ये सगळ्या यादीची वेगळी कॉपी. आठवडाभर ज्यानं त्यानं आपल्या कॉपीत भरायचं, शनिवारी मी सगळ्या कॉप्या एकत्र करायच्या. एकाच घराचं दोघांनी वेगवेगळं भरलं असेल तर स्क्रीनवर दोन चौकटी येतात, डावी अन् उजवी. मी एक ठेवतो. दुसरी कायमची जाते.

त्यामुळं हे लोक मला चित्रगुप्त म्हणतात. म्हणू द्या!

*

चाकूरकडचे एक आजोबा. डावीकडं 'मयत', उजवीकडं 'शुगर आहे, तरी गोड खातात'. मी फोन लावला, तर आजोबांनीच उचलला.

"कोन म्हन्लं मेलो म्हनून? मला तर कुणी सांगितलं न्हाई!"

उजवी ठेवली.

*

संगीताताई आमच्यात सगळ्यात जुनी. तिचा धाकटा भाऊ बालाजी आईशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. पोलीस झाले, देवऋषी झाले. आता कॉप्या एकत्र झाल्या की ताई माझ्या खुर्चीत बसते अन् सगळ्या गावांत त्याचं नाव शोधते.

"असंल की सर कुठंतरी. कुणाच्या तरी घरात मोजला असंल."

तेवढा वेळ आम्ही चहाला बाहेर जातो. बघवत नाही.

*

माधव नवीन आलेला. शिरूर अनंतपाळकडच्या एका घरापुढं ताईनं लिहिलं होतं, 'कुलूप. कुणी राहत नाही.' माधवनं त्याच दिवशी तिथं पाच माणसं भरली, वजनासकट!

"अरे, गेलतास तरी का?"

"गेलो म्हंजे? च्या पिलो की सर तिथं! साखर लई होती."

शेजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "त्या घराला छप्पर तरी कुठं हाय साहेब?"

माधव आता सर्व्हेत कुणाकडं चहा घेत नाही.

*

एक टॅब विहिरीत पडून बंद पडला होता. कपाटात ठेवलेला, बॅटरी काढून. एका शनिवारी त्या टॅबवरून एक बदल आला. पत्ता आमच्याच ऑफिसचा, माणसं चार.

मी, ताई, माधव. आम्ही तर तिघंच!

लातूरच्या साहेबांना कळवलं. म्हणाले, "डिलीट करा अन् गप बसा!" केलं. पण तेव्हापासून ऑफिसात एकटं डबा खायला कुणी थांबत नाही.

*

अन् हा मागच्या शनिवारचा.

स्क्रीनवर ताईच्याच आईचं घर आलं. सुट्टीत गावी गेली तेव्हा ताईनं भरलेलं डावीकडं: माणसं एक. उजवीकडं माधवचं: माणसं दोन. दुसऱ्याचं नाव बालाजी, नातं मुलगा.

ते ताईचं घर, हे माधवला ठाऊक नव्हतं. अन् बालाजी नावाचे तर आमच्याकडं गल्लोगल्ली.

"म्हातारी घरी नव्हती," माधव चाचरत म्हणाला. "दार त्यानंच उघडलं. सगळं नीट सांगितलं. नुसतं पाणी मागून राहिलता, म्हनून माझी बाटली दिली."

ताईनं आईला फोन लावला, स्पीकरवर.

"न्हाई गं बाई, कुणी बी आलं न्हाई. एकटीच हाय मी."

ताईचा बांध फुटला. मलाही भडभडून आलं, खोटं कशाला बोलू.

"सर, डावी ठेवली तर?"

"तर उजवी जाते, ताई."

"म्हंजे मीच त्याला घालवायचं? न्हाई जमायचं मला!"

तिनं माझ्या हातातला माऊस ओढून घेतला अन् उजवी दाबली. माणसं दोन.

फोन चालूच होता. पलीकडं आईचा आवाज एकदम बारीक झाला.

"संगे, आतल्या खोलीतून कुणीतरी पाणी मागून राहिलंय. आवाज बालाजीचाच हाय गं. जाऊ का आत?"