डावीकडचं मागचं दार

भूत समोर आलं तर त्यालाही हेल्मेट घालून तिसऱ्या शिफ्टला उभं करेन, असला माणूस मी. निघोज्याच्या शिवारात झाडावर कोण बसतं, ओढ्यात कोण रडतं... सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. घरचेही हसले. मी तिखटमीठ लावून सांगतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तीच तर पंचाईत आहे.

आमच्या पट्ट्यातल्या कंपनीत बनायची ती सात-सीटर. नाव घेत नाही, पण तुमच्यातले निम्मे तिच्यातूनच बारशाला गेलेत — स्वतःच्या! वऱ्हाड, शाळेची पोरं, एकदा तर बारा माणसं, एक बोकड आणि गॅसची टाकी... दिवे बदलले, इंजिन बदललं, नाक बदललं, गाडी काही थांबेना. शेवटची गाडी झेंडूचा हार घालून लाइनवरून उतरली, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखे रडलो आम्ही.

पण सुरुवातीच्या गाड्यांचं डावीकडचं मागचं दार म्हणजे नुसता ताप. लावायला पैलवान लागायचा, आणि लावलं की तळेगावात कबुतरं उडायची. दारं बसवायला आम्ही दोघं, मी आणि दिगंबर. तो लातूरकडचा. दोघंही टेम्पररी. सात महिने झाले की ब्रेक, मग कंपनीनं बोलावलं तर परत, नाहीतर राम राम.

एका दुपारी दिगंबर म्हणाला, "नाना, दार ज्या आकड्यात अडकतं, त्येचे बोल्ट आपुन आधीच आवळतो. तितंच चुकतंय बगा. ढिले ठिवा. दार एकदा लावू द्या, त्येला त्येची जागा सापडू द्या. मग आवळा."

केलं तसं. एका बोटानं दार लागलं! सुपरवायझरनं चार वेळा लावून बघितलं.

"तुमचं अक्षर ब्येस हाय," दिगंबर म्हणाला. "सजेशनच्या पेटीत टाकायचा कागद तेवढा तुमीच लिवा."

लिहिला. नावाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं... आणि मी माझं नाव लिहिलं.

बोर्डावर माझा फोटो लागला. मी पर्मनंट झालो. दिगंबरला ब्रेक मिळाला, तो कायमचा. जाताना एवढंच बोलला, "फोटो झ्याक आलाय, नाना."

रिटायर झाल्यावर त्याच सात-सीटरपैकी एक जुनी घेतली. परवाच्या दिवाळीत नात सई मागे, डाव्या दाराला टेकून बसलेली. चाकणच्या पुढे मी नेहमीचं पुराण सुरू केलं. "हे दार आहे ना सई, ते तुझ्या आबानं सरळ केलंय. ती आयडिया माझी—"

खट्ट! चालत्या गाडीत दार सताड उघडलं. पोर अर्धी बाहेर. सीटबेल्ट होता म्हणून... पुढचं लिहवत नाही.

मेकॅनिकनं कुलूपच नवीन टाकलं. "काका, आता हत्ती टेकला तरी उघडणार नाही." आठवड्यानं गाडीतच मेहुण्याला तीच गोष्ट सांगितली. त्याच वाक्याला, खट्ट! 

मग मोशीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, एकटाच गाडीत बसलो. गाडीचा सगळा इतिहास मोठ्यानं सांगितला. पहिली गाडी, दिवे, इंजिन, शेवटचा हार. दार गप्प. मग म्हणालो, "ती आयडिया माझी." खट्ट! शंभर वेळा करून बघितलं. बरं, सात वेळा. सातही वेळा उघडलं.

बायको म्हणाली, "अहो, कुलूप खराब आहे. प्रत्येक गोष्टीत तुम्हीच कसे हो?"

सई आता त्या गाडीत बसेना. जुन्या कामगारांकडून दिगंबरचा पत्ता काढून मी आळंदी गाठली. तो तिथं एका लॉजवर वॉचमन आहे, माझ्याच वयाचा, अजून गणवेशात. चहाला नेतो म्हणून गाडीत बसवलं.

"पुढं बस की."

"हितंच बरंय," म्हणत तो मागे, डावीकडे बसला. एका बोटानं दार लावलं.

गाडी सुरूच केली नाही. आरशात बघत सगळं सांगितलं. कागद, रकाना, नाव. जरासुद्धा वाढवलं नाही.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "नाव वाचण्यापुरतं येतंय की मला."

"मग बोलला का नाहीस, भावा?"

"तवा तुमची पोरगी दवाखान्यात हुती. म्हनलं, नाना पर्मनंट झाले की साहेबाला सांगतील माझ्याबद्दल. गावाकडं सरपंचाच्या फोनपाशी बसायचो. वरीसभर बसलो." दाराच्या कडीला हात घालत म्हणाला, "चहा ऱ्हाऊ द्या. ड्यूटी हाय."

उतरला. एका बोटानं दार लावलं आणि गेटवर जाऊन उभा राहिला. मागे वळला नाही.

ते दार तेव्हापासून उघडलेलं नाही. आतून नाही, बाहेरून नाही. मेकॅनिकनं आतलं सगळं सोडून बघितलं. "काका, काहीच बिघाड नाही. कापून काढू का?" मी नको म्हणालो. सई आता परत गाडीत येते, दुसऱ्या बाजूनं चढते, पण त्या सीटवर बसत नाही. कोणीच बसत नाही.

कारण तुम्हाला कळलं तर सांगा. मला कळलेलं नाही. ती आयडिया दिगंबरची होती.